इंदूरच्या लाल चर्चमध्ये लोक मेरीपुढे मेणबत्ती लावतात, मग ती पूजाच ना?

दिसायला तसंच दिसतं, पण कॅथलिक माणसाला विचाराल तर तो नाही म्हणेल. त्यांच्याकडे आराधना फक्त देवाची. संतांना मिळतो तो मान. ग्रीकमध्ये दोन्हींना वेगळे शब्द आहेत, लात्रिया आणि दुलिया. मेरीचा मान संतांहून वरचा, तरी आराधनेच्या खालीच. इसवी सन ७८७ मध्ये निकेया इथे भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेने चित्रांबाबतही हेच ठरवलं: मान द्या, आराधना नको.

खरा फरक शब्दांत सापडतो. मेरीच्या प्रार्थनेत शेवटी मागणं काय असतं? ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर.’ म्हणजे देणारा देव. तिला फक्त शब्द टाकायला सांगितलंय. आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, तो अर्पण होतो देवालाच. संताच्या सणाला असला तरी.

इंदूरचंच उदाहरण घ्या. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक नन. त्यांची १९९५ मध्ये हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ ला इथेच त्यांना ‘धन्य’ घोषित केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी. त्यांची देवी झाली, असं कुणीच म्हणत नाही.

आपल्याला हे कळायला जड जातं, कारण राजवाड्यासमोर अहिल्यादेवींच्या पुतळ्याला हार घालताना हा आदर की पूजा, असा प्रश्न आपल्याला कधी पडतच नाही. हात आपोआप जोडले जातात.

प्रोटेस्टंटांना मात्र हा फरक कागदावरचा वाटतो. संतांकडे मध्यस्थी मागणंच त्यांना मान्य नाही. मेणबत्ती लावून रडणाऱ्या आजीच्या मनात नेमकं काय असतं, हे पाहिलं तर त्यांची शंका अगदीच पोकळ नाही, असं माझं मत.