सॉफ्टवेअर कायमचे विकत न देता केवळ वर्गणीवर देण्यात गैर काय आहे?

दरमहा थोडे पैसे भरून अद्ययावत आवृत्ती मिळते ही सोय खरी आहे, आणि दोन-तीन महिन्यांच्या कामासाठी ती स्वस्तही पडते. माझा आक्षेप पर्याय काढून घेण्याला आहे. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केले की क्रिएटिव्ह सूट या तिच्या कायमच्या विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाची पुढची आवृत्ती येणार नाही आणि यापुढील फोटोशॉप (छायाचित्र-संपादनाचे) आणि इनडिझाइन (पुस्तक-मांडणीचे) ही सॉफ्टवेअर वर्गणीवरच मिळतील. परिणामी, वर्गणी थांबवणाऱ्या मुद्रक-मांडणीकाराला स्वतःच मांडलेल्या पुस्तकाची इनडिझाइन फाइल दुरुस्त करायची झाली, तर पुन्हा पैसे भरावे लागतात. काम त्याचे, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती, आणि हे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते.

ही किल्ली किती सहज फिरवता येते, हे ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसले: अमेरिकी निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातील सर्व खाती बंद करण्याचे अडोबीने जाहीर केले होते. तो निर्णय नंतर मागे घेतला गेला, ही गोष्ट वेगळी.

बाहेर पडण्याची वाटही मोकळी असायला हवी. वार्षिक करार मुदतीपूर्वी मोडल्यास लागणारे शुल्क नीट उघड केले नाही, या आरोपावरून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये याच कंपनीवर दावा दाखल केला. म्हणून वर्गणी घेण्यापूर्वी ती रद्द करण्याच्या अटी आधी वाचाव्यात, आणि प्रत्येक कामाची पीडीएफसारख्या खुल्या स्वरूपातील प्रत जवळ ठेवावी.