उरलेल्या बाकालाओचं सँडविच

प्रश्न: ताई, मेक्सिकोत ख्रिसमसला बाकालाओ हा खारवलेल्या कॉड माशाचा पदार्थ करतात, तो सँडविचमध्ये भरला तर ब्रेड ओला होईल का?

उत्तर: अहो बिनधास्त भरा, तिकडे २४ डिसेंबरच्या रात्री उरलेला बाकालाओ दुसऱ्या दिवशी बोलियो नावाच्या बाहेरून कडक पावात भरून खातातच, त्याला तोर्ता म्हणतात आणि मला तर तो आदल्या रात्रीपेक्षा जास्त आवडतो, मुरतो ना छान! खारवलेला कॉड मासा मात्र रात्रभर भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला, नाहीतर तोंडात धरवत नाही. मग टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह घालून कडेला तेल सुटेपर्यंत आटवा. पावाच्या आतला मऊ भाग थोडा काढून पाव तव्यावर खरपूस भाजा, मग नाही ओला होत. वर लोणच्यातली पिवळी मिरची हवीच.