जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये एवढं काय असतं? इंग्लंडमध्ये राहतो, गॅरेजचा अनुभव नाही, एमजी कंपनीची जुनी एमजीबी घ्यावी का?

तुमचे प्रश्न दोन आहेत: सतत हात काळे करायला लावणाऱ्या गाडीत मजा कसली, आणि गॅरेजचा अनुभव नसताना ती सांभाळता येईल का.

मजा वेगात नाही. १९६२ ते १९८० इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेल्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन सुरुवातीला ९५ अश्वशक्तीचं होतं. आजची साधी हॅचबॅकसुद्धा सिग्नलवरून पुढे निघून जाते. पण वजन हजार किलोच्या आत, सीट जमिनीलगत, स्टिअरिंगला पॉवर नाही. गावाकडच्या वळणांवर पुढची चाकं किती धरून आहेत ते थेट हाताला कळतं. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेशही (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी रचना) नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच करून (न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबून) इंजिनाचा वेग जुळवावा लागतो. तो नीट जुळला की मिळणारं समाधान मला कुठल्याही नव्या गाडीत सापडत नाही.

दुसरी मजा बॉनेटखाली. नवे मालक पहिला हात कार्ब्युरेटरला घालतात आणि तिथेच फसतात. क्रम असा: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (ठिणगीचे संपर्कबिंदू), टायमिंग (ठिणगीची वेळ), आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर.

टॅपेटला नवाचा नियम लावा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करायचा, सातवा उघडा असताना दुसरा. बेरीज कायम नऊ. ०.३८ मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिमी. ते बदललं की टायमिंग सरकतं, म्हणूनच टायमिंग त्यानंतर.

आता दोन एसयू कार्ब्युरेटर (१९७४ पर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांत एचएस४). इंजिन पूर्ण तापवा, एअर फिल्टर काढा, दोघांना जोडणारे क्लॅम्प सैल करा. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा आणि दोन्हीकडे हवेचा आवाज सारखा येईपर्यंत आयडल स्क्रू फिरवा. जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीचा) नट हललेला असेल तर वर शेवटपर्यंत नेऊन दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली आणा. ही फक्त सुरुवात. मग कार्ब्युरेटरचा पिस्टन बाजूच्या पिनने जेमतेम पाऊण मिमी उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), नट वर घ्या. इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), नट खाली. किंचित वाढून पुन्हा स्थिरावलं की झालं. एका वेळी एकच पैलू फिरवा आणि इंजिनाचा आवाज ऐका. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यात) एसएई २० तेल हवंच. ते आटलं की थ्रॉटल दाबताक्षणी पिस्टन भसकन उचलला जातो, मिश्रण लीन होतं आणि गाडी अडखळते. लोक मग उगाच गाडीतला फ्युएल पंप बदलत बसतात.

आपल्या ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन एमजीबीच्या इंजिनाच्याच बी-सिरीज घराण्यातलं. घरात कोणी जुने जाणकार ॲम्बॅसेडरवर काम केलेले असतील तर फोन लावा, हे टॅपेट त्यांच्या ओळखीचे असतील.

घ्यायला जाल तेव्हा मात्र इंजिनापेक्षा सिल बघा. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळी ताकद दारांखालच्या सिलमध्ये आहे आणि गंज आधी तिथेच धरतो. बारीक चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलेली आहे. जॅकवर उचलल्यावर दार अडकायला लागलं तर सरळ परत फिरा. इंजिन बांधून घेणं परवडतं, सिल कापून नवी बसवणं फार महाग पडतं. तारांची चाकं असतील तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून उचललेलं चाक पुढे-मागे हलवा. खटखट वाजलं म्हणजे स्प्लाइन (चाक ज्यांवर बसतं ते दाते) झिजलेत.

ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही, तेव्हा ई५ चं प्रीमियम पेट्रोल भरा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आर९ दर्जाच्या घाला. किंगपिनच्या (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीच्या) निपलना दर ३,००० मैलांनी ग्रीस द्या.

अनुभव नसला तरी चालेल. फीलर गेज, टायमिंग लाइट, ग्रीस गन आणि एएफ पाने, म्हणजे इंची मापाचे, एवढं आधी घ्या. मेट्रिक पान्यांनी काम भागवायला जाल तर बोल्टचे कोपरे गोल होतील.