नव्या मोबाइल जाळ्याचा लाभ मोजायचा कसा?

प्रश्न : आमच्या शहरात फाइव्ह-जी सेवा आल्यापासून व्यापार आणि रोजगार वाढला, असे सांगितले जाते. हा परिणाम खरा किती, हे कसे तपासावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : वाढ झाली असेलही, परंतु ती मोबाइलच्या जाळ्यामुळे झाली, की त्याच सुमारास झालेल्या नव्या रस्त्यामुळे किंवा चांगल्या पावसामुळे, हे वेगळे काढल्याशिवाय तिचे श्रेय कोणालाच देता येत नाही. शिवाय जिथे गिऱ्हाईक आधीच वाढते आहे, तिथेच कंपन्या सहसा प्रथम टॉवर उभारतात. त्यामुळे टॉवर असलेल्या आणि नसलेल्या शहरांची नुसती तुलना हमखास फसवते.

यातून वाट कशी काढावी, हे उत्तर केरळच्या किनाऱ्यावर दिसले. तिथे 1997 ते 2001 या काळात मोबाइल सेवा आधी कोळिकोड, मग कण्णूर आणि शेवटी कासरगोड अशी टप्प्याटप्प्याने पोचली. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी त्या आधीपासून दर आठवड्याला किनाऱ्याकिनाऱ्यावरचे तारलीचे भाव नोंदवले होते. सेवा ज्या पट्ट्यात पोचली, त्याच पट्ट्यात भावांतील तफावत घटली, गिऱ्हाईकाअभावी फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे 4 टक्के स्वस्त मिळाली. बदल टप्प्यांच्याच क्रमाने होत गेला, म्हणून त्याचे कारण मोबाइल, असे ठामपणे म्हणता आले.

मात्र हा लाभ साध्या बोलण्याने झाला होता, हे विसरू नये. बाजार समितीतला कांद्याचा भाव शेतकऱ्याला जुन्या जाळ्यावरही कळतो, तेव्हा तो फायदा फाइव्ह-जीच्या खात्यावर मांडणे मला चुकीचे वाटते. नवे काय, ते केबल न पोचलेल्या घरांतील इंटरनेटमध्ये किंवा यंत्रमाग कारखान्यांच्या कामकाजात शोधावे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची ग्राहकसंख्या येथे पुरणार नाही, कारण महाराष्ट्र मंडळाच्या (म्हणजे दूरसंचार सेवेसाठी आखलेल्या विभागाच्या, ‘सर्कल’च्या) त्या आकड्यांत गोवा धरलेला असतो, मुंबई वेगळी मोजली जाते आणि एकाच माणसाची दोन सिमकार्डे दोनदा येतात. म्हणून ज्या वस्त्यांत फाइव्ह-जी अजून पोचलेले नाही, तिथली दुकानांची उलाढाल आणि घरांचा इंटरनेटखर्च आत्ताच नोंदवायला हवा. टॉवर उभा राहिल्यावर ती आधीची नोंद कुठूनही मिळणार नाही.