सनमायकाच्या कपाटावर कोरीव नक्षी हवीय?

जुन्या बाजारातून कपाट आणलंयस, तर आधी ते कशाचं आहे ते बघ. सागवान निघालं तर वरून काही चिकटवू नकोस, घासून पॉलिश कर, बस्स. सनमायका असेल तरच पुढचं वाच.

सनमायकावर फेविकॉल नीट धरत नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घास, पुसून वाळव, प्रायमर मार. नक्षीसाठी सिलिकॉनच्या साच्याला टाल्कम पावडर लावून त्यात एपॉक्सी पुटी (दोन भाग एकत्र मळले की कडक होणारी) दाबून भर. चिकटवायलाही एपॉक्सीच घे. हवेवर वाळणारी क्ले स्वस्त पडते, पण वाळताना आकसते आणि पावसाळ्यात ओल धरते.

खरी गंमत रंगात आहे. सगळीकडे एकच तपकिरी फासला की नक्षी प्लास्टिकची दिसते. आधी फिकट तपकिरी दे. तो पक्का वाळल्यावर पातळ केलेल्या गडद रंगाचा हात मार आणि लगेच सुती फडक्याने हलकेच पूस. उंचवटे उघडे पडतात, खाचांत काळपटपणा राहतो. कोरल्याचा भास होतो तो त्यामुळेच. दोन्ही रंग पाण्यातले असतील तर मध्ये क्लिअर वार्निशचा एक हात दे, नाहीतर खालचाही पुसला जाऊ शकतो.

नक्षी कुठे लावायची, हे पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याचा दर्शनी सज्जा बघून ठरव. पेशवाईतला वाडा आहे. आपल्याकडे हौसेला मोल नसतं, पण म्हणून काही दाराच्या इंच-इंच जागेवर फुलं नकोत. बिजागरीजवळ तर नकोच, दार अडेल. पितळी मुठी पुण्यातच बोहरी आळीत मिळतील.