सॉफ्ट ग्रिपरसाठी इकोफ्लेक्स ००-३० (मऊ सिलिकोन रबर) वापरतोय. सिम्युलेशनमध्ये यंग्ज मॉड्युलस म्हणून डेटाशीटवरचे ६९ किलोपास्कल घातले तर चालेल का?

नाही चालणार. हाच आकडा माझ्या बी.ई.च्या प्रोजेक्टला नडला होता, त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

आम्ही चौघं, कॉलेज सांगलीतलं, प्रोजेक्ट म्हणजे तासगावच्या द्राक्षांचे घड उचलणारा, हवा भरली की वाकणाऱ्या तीन रबरी बोटांचा ग्रिपर. डेटाशीटवर '१०० टक्के मॉड्युलस १० पीएसआय' असं छापलेलं असतं. गाईडसरांनी त्याचे ६९ किलोपास्कल केले आणि म्हणाले, "हाच यंग्ज मॉड्युलस, घाला." मी म्हटलं, सर, हा रबराची पट्टी दुप्पट ताणल्यावरचा ताण आहे; यंग्ज मॉड्युलस म्हणजे ताणाच्या आलेखाचा सुरुवातीचा उतार, तो हा नाही. "छापलंय ना त्यांनी? तू त्यांच्यापेक्षा शहाणा का?" विषय संपला.

स्क्रीनवर बोट असं झकास वाकायचं की बघत राहावं. एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर) सिम्युलेशनमधलाच दाब दिला, तर खरं बोट अर्ध्यात थांबलं. घड सुटला आणि मणी घरंगळत एक्स्टर्नलच्या बुटापर्यंत गेले. सर म्हणाले, "पोरांनी कास्टिंग नीट केलं नाही."

कास्टिंग चांगलंच होतं. (पहिला लॉट सोडून. तो लेटेक्सचे हातमोजे घालून ओतलेला, चिकटच राहिला. हे रबर प्लॅटिनमच्या मदतीनं घट्ट होतं, त्याला लेटेक्समधलं गंधक चालत नाही.)

कॉलेजचं यूटीएम (ताणून ताकद मोजायचं मशीन) ४० टनी, सळया तोडायचं. त्यात ही पट्टी लावली तर आकडा शून्यावरून हलत नाही. म्हणून रिझल्ट लागल्यावर काकांच्या किराणा दुकानातली मापं घरी आणली. पट्टी १० मिमी रुंद, ३ मिमी जाड, वर चिमटा, खाली चिमटा. मधे बॉलपेननं दोन ठिपके, आणि मोबाईलनं फोटो. चिमट्यांमधलं अंतर मोजू नका, पट्टी आतून सरकते. २०० ग्रॅम (या पट्टीवर साधारण ६५ किलोपास्कल) अडकवले की ठिपके जवळजवळ दुप्पट लांब, म्हणजे डेटाशीट बरोबरच होतं. पण ५० ग्रॅमला? सरांच्या हिशेबानं २४ टक्के ताणायला हवी होती, ताणली १६-१७.

गणितही तेच सांगतं. निओ-हुकियन (रबरासाठीचं सगळ्यात साधं सूत्र) धरा: दुप्पट लांबीला ६९ भागिले १.७५, शिअर मॉड्युलस साधारण ३९, त्याची तिप्पट म्हणजे यंग्ज मॉड्युलस, ११८ किलोपास्कल. सरांचा आकडा जवळपास निम्मा!

तुमच्यापुरतं: सुरुवात निओ-हुकियननं करा, सी१० (शिअर मॉड्युलसचा निम्मा) साधारण २० किलोपास्कल. मग स्वतःच्या पट्टीच्या आकड्यांवर येओह हे पुढचं मॉडेल बसवा. एकाच दिशेच्या ताणाच्या आकड्यांवर पाच टर्मचं मूनी-रिव्हलिन मॉडेल लावून कर्व्ह देखणा आला म्हणून नाचू नका. बोट फुगतं तेव्हा त्याची भिंत दोन्ही दिशांना ताणली जाते, आणि तिथं ते कुठंही भरकटतं. सॉफ्टवेअरमध्ये एलिमेंट हायब्रिड प्रकारचेच घ्या, नाहीतर लॉकिंग होऊन (एलिमेंट खोटेच ताठ होऊन) बोट दगडासारखं वागेल.

एक राहिलंच, खरं तर आधी सांगायला हवं होतं. नवी पट्टी पहिल्या ताणाला जास्त ताठ असते, मग सैल पडते. तुमचं बोट जितकं ताणलं जाणार तितकी पट्टी आधी चार-पाच वेळा ताणून घ्या, मगच आकडे लिहा. आणि माझं सगळं सावकाश भरलेल्या हवेचं, दुपटीपर्यंतच्या ताणाचं. झटक्यात हवा मारणार असाल तर व्हिस्कोइलॅस्टिसिटी (ताणायच्या वेगानुसार बदलणारा ताठपणा) आली, ती मी केलेली नाही.

तुमचे गाईडही ६९ वर अडून बसले असतील तर वाद घालू नका. पट्टी टांगा आणि ५० ग्रॅमचं माप त्यांनाच अडकवायला सांगा. व्हायव्हाच्या आधी. मी ते माप चार महिने उशिरा आणलं.