सासूबाईंचं गाऱ्हाणं थेरपिस्टपासून का लपवलंत?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका सूनबाईंचं पत्र आलंय. काळज्या चार आहेत, पण मला मुख्यतः एकीवरच बोलायचंय. त्या लिहितात:

"सासूबाई चिपळूणच्या. २२ जुलै २०२१च्या पुरात माळ्यावर अडकून होत्या. आता आमच्याकडे आल्यात, पण पाऊस लागला की झोपत नाहीत. कागदपत्रं आणि औषधं पिशवीत भरून पिशवी कपाटावर ठेवतात. छातीत धडधडतं म्हणतात, तपासण्या सगळ्या नॉर्मल. थेरपिस्टकडे नेलं तर गप्प बसल्या. घरी येऊन मात्र म्हणाल्या, 'गावी देवाला गाऱ्हाणं घालायचं राहिलं.' हे आम्ही थेरपिस्टला सांगितलं नाही, उगाच गैरसमज नको."

अहो, पुराबद्दल त्या माउलीनं आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य आणि तेच तुम्ही दाबून टाकलंत! तुमचा संकोच कळतो मला. तिकडच्या लोकांसमोर आपण अडाणी दिसू नये म्हणून आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घरातला देव्हारा दाराआड केलाय. पण थेरपिस्टसमोर तो संकोच महागात पडतो.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशननं २०१३ साली डीएसएम-५मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या त्यांच्या पुस्तकात, रुग्णाला विचारायच्या प्रश्नांची एक मुलाखत घातली, कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू. तिच्यात १६ प्रश्न आहेत. या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, आजवर कुणाकडे मदत मागितली, अशा धर्तीचे. म्हणजे गाऱ्हाण्याची चौकशी करणं हे थेरपिस्टचं कामच आहे. त्यांनी विचारलं नसेल तर फोन करून सांगा, ही मुलाखत आईंची घ्या.

माझे काका दापोलीजवळच्या मुरुडचे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळानं त्यांचं आगर झोपवलं, माडपोफळी सगळ्या आडव्या. पोफळ नव्यानं लावली तर धरायला सहा-सात वर्षं, आणि काका तेव्हा सत्तरीचे. वारा सुटला की उठून खिडक्यांच्या कड्या तपासत बसायचे. डॉक्टरांना सांगायचे फक्त पाठदुखी. एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, "पूर्वी गावावर असं काही आलं की जुनी माणसं काय करायची?" आणि काका बोलायला लागले. देवळात नारळ ठेवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, काय काय गेलं ते मोठ्यानं सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग काकांसाठी तसं गाऱ्हाणं घातलं. काकांना स्वतःच्या तोंडानं काही सांगावं लागलं नाही. त्यांचं दुःख दुसऱ्यानं उच्चारलं आणि गावानं ते खरं म्हटलं. त्यानंतरच ते बाईंपाशी त्या दुपारबद्दल बोलले. उपचार पुढे वर्षभर चालले, गाऱ्हाण्यानं ते थांबले नाहीत की अडले नाहीत. कुणी औषधं बंद करा म्हणालं किंवा हजारो रुपये मागू लागलं, तर मात्र तिथून उठायचं.

तेव्हा गावी फोन करा. गुरवांकडून गाऱ्हाणं घालून घ्या, आईंना व्हिडिओवर ऐकू द्या आणि थेरपिस्टना आधी कळवा. आईंना पहिल्याच भेटीत "त्या दिवशी काय झालं, सांगा" म्हणू नका, कुणाला म्हणू देऊही नका. एकाच बैठकीत सगळं वदवून घेऊन आघात भरून निघत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. आधी झोप, रोजचा क्रम, पाऊस सुरू झाला की सोबत कुणीतरी. ती पिशवी खाली काढू नका. ती कधी काढायची ते आई आणि थेरपिस्ट मिळून ठरवतील.

आणखी एक. पत्रात ओझरतं आलंय की दुभाषाचं काम तुमच्या यजमानांनी केलं. मुलासमोर कुठली आई म्हणेल की मला वाटलं मी आता बुडून मरणार? त्यांना बाहेर बसवा. मराठी येणारा व्यावसायिक दुभाषा मागा, किंवा न्यू जर्सीत काम करण्याचा परवाना असलेला मराठी थेरपिस्ट शोधा. ऑनलाइन चालेल, परवाना मात्र तुमच्या राज्यात चालणारा हवा.

उरलेलं थोडक्यात. चिपळूणचं घर विकायचं का? यंदा नाही, आणि आईंना न विचारता कधीच नाही. नातू मराठी बोलत नाही? आजीजवळ बसवा, बोलेल. आणि तुमचे सासरे तिकडे एकटे आहेत, त्यांनाही झोप नाही म्हणता, तर त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर द्या. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आजच द्या, पावसाळा तोंडावर आलाय.